संकर मासे : अंडी पांढरी पडली म्हणून मादीला वांझ ठरवू नका

दोन वेगळ्या जातींच्या मिलनातून झालेले मासे म्हणजे संकर. अशा संकर जोडीची सगळी अंडी पांढरी पडली, म्हणजे न फळता मेली, की मादीच वांझ, असं अनेकदा म्हटलं जातं. हा निष्कर्ष घाईचा आहे. आधी नर तपासा. जननछिद्र नीट टिपून कोरडं करा, पोट हलकेच दाबून वीर्याचा अगदी बारीक थेंब कोरड्या काचपट्टीवर घ्या, सूक्ष्मदर्शकाचा फोकस लावा आणि मगच पाण्याचा थेंब सोडा. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांचे शुक्रजंतू पाणी लागल्यावरच पोहू लागतात आणि मिनिटभरात थांबतात. फोकस नंतर लावत बसलात, तर धडधाकट नरही वांझ दिसेल!

मग संकर मादी शुद्ध नराला आणि संकर नर शुद्ध मादीला लावा. त्याच दिवशी, त्याच पाण्यात एक शुद्ध जोडीही लावा. नाहीतर दोष पाण्याचा की संकराचा, हे कळणारच नाही.

दोन जातींच्या गुणसूत्रांची संख्या जुळली की त्यांची संकर पिल्लं सुपीक, असंही मानलं जातं; तेही खरं नाही. रोहू आणि कटला, दोघांची ५०, संकर सुपीक. झेब्रा डॅनिओ आणि पर्ल डॅनिओ हे शोभेचे मासे, त्यांचीही ५०च, तरी संकर नर वांझ. अर्धसूत्री विभाजनात (शुक्रजंतू आणि अंडी घडवणाऱ्या पेशीविभाजनात) गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळल्या नाहीत की शुक्रजंतू घडतच नाहीत किंवा सदोष घडतात.

मेडाका हा छोटा मासा आणि त्याच्या कर्व्हिनोटस या भाईबंदाच्या संकरात नर वांझ, पण मादी नेहमीच्या दुप्पट गुणसूत्रांची अंडी घालते. अशा अंड्यांतल्या पिल्लांत गुणसूत्रं जास्तीची असू शकतात. म्हणून भ्रूण वाढताना दिसला तरी पिल्लांची गुणसूत्रं मोजाच.