तीन वर्षं प्रॅक्टिस करा म्हणता, पण त्या तीन वर्षांत ज्युनिअरने खायचं काय?

निशाणी पाच

२० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आता सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली. वकिलीच्या तात्पुरत्या सनदेच्या (परवान्याच्या) तारखेपासून ही वर्षं मोजायची, न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरायचं, आणि निवड झाल्यावर कोर्टात बसण्याआधी वर्षभर प्रशिक्षण. आपल्याकडे जेएमएफसीच्या (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेला पदवीत चांगले गुण असलेल्या नव्या मुलांसाठी वेगळी वाट होती, ती या निकालाने बंद झाली, तिचाच हा प्रश्न आहे.

नियमामागचा हेतू मला मान्य आहे. ज्याने कधी कैफियत (प्रतिवादीचं लेखी म्हणणं) लिहिली नाही, साक्षीदाराची उलटतपासणी घेतली नाही, त्याने पहिल्याच दिवशी मनाईच्या (समोरच्याला एखादी कृती करण्यापासून रोखण्याच्या) अर्जावर हुकूम करावा हे मलाही पटत नाही. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. तीन वर्षांचा दाखला कोण देणार? दहा वर्षं उभा असलेला वकील, आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. म्हणजे ज्या सिनिअरने तीन वर्षं एक रुपया दिला नाही, त्याच्याच सहीवर त्या मुलाचं आयुष्य अडकलं. सिनिअरला अधिकार मिळाला, जबाबदारी कोणतीच आली नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: शहरात दरमहा २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. ‘द्यावं’ एवढंच, ती शिफारस आहे. तुमच्या बार रूममध्ये कोणी देतं का, खरं सांगा.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रॅक्टिस सक्तीची केलीत तर विद्यावेतनही सक्तीचं करा. नाहीतर न्यायाधीशाच्या खुर्चीत फक्त अशी मुलं येतील ज्यांच्या घरी तीन वर्षं वाट बघायची ऐपत आहे.

जुना कोट

तालुक्याला ३१ वर्षं उभा आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

१५ हजार दरमहा म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. वारस दाखले, किरकोळ फौजदारी, वाटपाचे दावे यांवर चालणाऱ्या तालुक्यातल्या वकिलाने हे कुठून आणायचे? पक्षकार ठरलेली फी चार हप्त्यांत देतो, चौथा हप्ता बहुतेक वेळा येतच नाही. सक्ती केलीत तर मी ज्युनिअर ठेवणार नाही, एवढं सोपं आहे. मग तुमचं ते पोर कोणाकडे शिकायला जाणार? परिपत्रकातही छोट्या गावच्या वकिलांची अडचण मान्य केलेली आहे, तेवढं वाचायचं राहिलं का तुमचं?

आणि नियमाची गरज मला शिकवू नका, मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे थेट परीक्षा देऊन आलेले एक न्यायाधीश साहेब होते. हुशार होते, निकालपत्राची भाषा सुरेख होती. पण बांधाच्या भांडणात सातबाऱ्यावर नाव कोणाचं एवढंच बघत. जमीन कसतो कोण, विहिरीचं पाणी कोण घेतो, पीकपाहणी कोणी कुठे बसून लावली, हे विचारायचं सुचतच नसे. माझा पक्षकार वीस वर्षं कसत होता. मनाईचा अर्ज नामंजूर झाला, जिल्हा न्यायालयात अपिलात मंजूर झाला, पण मधल्या काळात उभं पीक दुसऱ्याने नेलं. ते काही अपिलात परत मिळत नाही.

दरखास्तवाला

तुम्ही दोघेही नियमाचा हेतू बरोबर धरून चाललात. मला तो नियमच चुकीचा वाटतो.

ही अट नवी नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तीन वर्षांची अट घातली होती आणि २००२ मध्ये न्यायाधीशांच्या वेतन-सेवाशर्तींसाठीच्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर स्वतःच काढली. कारण काय दिलं होतं? तीन वर्षं वकिली केलेल्या हुशार मुलाला मग न्यायाधीशाची नोकरी ओढत नाही, चांगली माणसं येत नाहीत. आज ते कारण खोटं ठरलं का? मुंबई-पुण्यात ज्याचा तीन वर्षांत जम बसतो तो तालुक्याला जेएमएफसी म्हणून बदल्या घेत फिरणार नाही. ज्याचा जम बसत नाही तो अर्ज भरेल.

शिवाय तीन वर्षांत ज्युनिअर शिकतो काय? ‘सिनिअर वरच्या कोर्टात आहेत, मुदत मिळावी.’ सकाळी बोर्ड बघणं, नक्कल विभागात रांग, दुपारी पुन्हा मुदत. याला अनुभव म्हणायचं असेल तर म्हणा. त्यापेक्षा उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण वाढवा, सहा महिने तालुक्याच्या कोर्टात ज्येष्ठ न्यायाधीशाशेजारी बसवा. पीकपाहणी तिथेही शिकता येते. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आयएएस होऊन प्रांत म्हणून जमिनीची अपिलं ऐकतो, ते चालतं ना?

जुना कोट

प्रांताच्या हुकमाने कोणी कोठडीत जात नाही असं मी म्हणणार नाही, पण रिमांड रोज दंडाधिकाऱ्यासमोर येतो. ६ नोव्हेंबर २०२५ चा वरळी अपघात प्रकरणातला निकाल घ्या. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच देता आली नाहीत तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. हे पाळलं गेलं की नाही ते बघणार कोण? पोलीस कागद पुढे सरकवतात, त्यावर सही असते, वेळ टाकलेली असते. ती वेळ खरी की कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहिली, हे ज्याने आरोपीच्या बाजूने व्हरांड्यात उभं राहून पाहिलंय त्यालाच कळतं. अकादमीच्या वर्गात पोलीस असं करत नाहीत.

तुम्ही तर नावानेच दरखास्तवाले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. बेलिफ ताबा घ्यायला गेला की घरात अचानक आजारी म्हातारी कशी निघते, तिसराच माणूस भाडेकरू म्हणून कसा उभा राहतो, हे न पाहिलेला न्यायाधीश सहा महिन्यांत काय करणार?

दरखास्तवाला

बेलिफाचा मुद्दा मान्य. पण तो शिकायला पक्षकाराची बाजूच घ्यावी लागते असं नाही. एवढं बोलून थांबतो, ताणत नाही.

पुरसिस

मी अडीच वर्षं काढली आहेत, म्हणून मध्ये बोलते.

जिल्ह्याच्या ठिकाणी होते. सरांनी पेट्रोलला महिना दीड हजार दिले, तेही आठवण केल्यावर. राहण्याचं, जेवणाचं वडील पाठवत होते. ते एसटीतून निवृत्त झाले आणि पैसे थांबले. घरचे वाईट नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, अजून किती दिवस? मुलाला हा प्रश्न पाच वर्षांनी विचारतात, मुलीला दुसऱ्या वर्षी. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तरी सनद हातात येते तेवीसाव्या वर्षी. त्यात तीन मिळवा, मग जाहिरात कधी निघेल ती, मग परीक्षा. तोवर घरात स्थळं येऊन जातात. आज मी एका बँकेच्या कायदा विभागात आहे.

निशाणी पाच यांच्या मूळ मुद्द्यात एक गोष्ट राहिली. अडीच वर्षांत एकाही वकीलपत्रावर (पक्षकार वकिलाला देतो त्या अधिकारपत्रावर) माझं नाव नव्हतं. दावे मी लिहिले, टाइप मी केले, साक्षीदाराची सरतपासणीची शपथपत्रं मी तयार केली. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ‘वादीचे वकील हजर’. ते वकील म्हणजे मी होते, पण नाव सरांचं. उद्या दाखला मागायला गेले तर कागदावर मी कुठे आहे?

जुना कोट

ताई, तुमच्या सरांनी केलं ते चूक केलं. पण निकाल नीट वाचा. दाखला वकिलाकडूनच घ्यायला हवा असं नाही, त्या कोर्टाचे प्रमुख न्यायिक अधिकारीही तो देऊ शकतात. निशाणी पाच यांनी तेवढाच भाग गाळला.

निशाणी पाच

गाळला, माझी चूक. पण सर, त्या दुसऱ्या वाटेनेही प्रश्न तिथेच येतो. साहेब दाखला कशाच्या आधारावर देणार? रेकॉर्डच्या. आणि रेकॉर्डवर ज्युनिअर नाही. मुलगा रोज समोर उभा राहतो हे साहेबांना माहीत असतं, पण त्यांची दोन-तीन वर्षांत बदली होते. नव्या साहेबांनी कशावर विश्वास ठेवायचा?

लाल मातीचा वकील

पैशांबद्दल एक. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये ‘लॉ नेस्तम’ नावाची योजना सुरू झाली, नव्या वकिलाला पहिल्या तीन वर्षांत सरकारकडून महिना ५ हजार. मोठी रक्कम नाही, पण खोलीचं भाडं निघतं. आपण प्रत्येक वकीलपत्रावर कल्याण निधीचं तिकीट चिकटवतो, त्या निधीतून पहिल्या तीन वर्षांना हात द्यावा ही मागणी आपण का करत नाही? तालुक्यातल्या सिनिअरच्या खिशात हात घालण्याआधी तिथे बघा.

३० जुलै २०२४ च्या निकालाने सनदेचं शुल्क सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणलं. त्याआधी ओडिशात ४२ हजारांच्या वर लागत होते. म्हणजे दारातली अडचण काढली, आता आत आलेल्याच्या जेवणाचं बघायला हवं.

निशाणी पाच

हे पटतंय. जुना कोट सर, तुमचा हिशोब मी पुन्हा वाचला. सगळ्यांना एकाच मापाने सक्ती लावली तर तालुक्यात दारं बंद होतील, हे मी मान्य करतो. पण मोठ्या शहरातले मोठे चेंबर, ज्यांच्या एका हजेरीची फी लाखात जाते, त्यांनाही शिफारसच? तिथे सक्ती हवीच, त्यावरून मी हटणार नाही. तालुक्यासाठी निधीतून मदत.

आणि वकीलपत्रावर ज्युनिअरचं नाव, हे सगळीकडे. त्याला पैसे लागत नाहीत.

जुना कोट

नावाचं मान्य. माझ्याकडे सध्या दोघं आहेत. सोमवारपासून नव्या प्रत्येक वकीलपत्रावर त्यांची नावं आणि सह्या असतील, चालू दाव्यांत वेगळं दाखल करतो. पंधरा हजार मात्र देऊ शकत नाही. सध्या पाच देतो, ते सात करीन. त्याच्या वर हिशोब बसत नाही. शहरातल्यांचं तुम्ही आणि ते बघून घ्या.

पुरसिस

सर, तुमच्याकडच्या दोघांचं बरं झालं. माझे सहा महिने राहिलेत आणि बँकेतून परत यायची माझी तयारी आहे. पण मागची अडीच वर्षं धरली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं, ते मला जमणार नाही.

जुना कोट

मुदतीचे अर्ज कोण द्यायचं?

पुरसिस

मीच. रोजचे दोन-तीन.

जुना कोट

खाली सही?

पुरसिस

‘वादीच्या वकिलांकरिता’ असं लिहून माझी. तारीख आणि सनद क्रमांकासह, आमच्याकडे शिरस्तेदार त्याशिवाय घेत नसत.

जुना कोट

मग ते सगळे अर्ज निशाणी (कोर्टाचा कागद-क्रमांक) पडून दाव्यांच्या फायलीत आहेत. प्रत्येक महिन्याचे दोन तरी निवडा, वेगवेगळ्या कोर्टांतले. नकलेचे अर्ज टाका. निकाली निघालेल्या फायली रेकॉर्ड रूममध्ये गेल्या असतील, तिथे वेळ लागेल, म्हणून त्या आधी मागा. नकला हातात आल्या की प्रमुख न्यायाधीशांना अर्ज करायचा, सोबत तारखांचा तक्ता लावायचा. सरांच्या सहीची वाट बघू नका. तक्ता कसा करायचा ते मला निरोप पाठवून विचारा, मसुदा करून देतो.