लंडनची ऑफर की म्युनिकचं घर? हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

मला लंडनहून ऑफर आलीय, वर्षाला ७२,००० पौंड. इथे महिन्याला हातात ४,२०० युरो पडतात. तिथे कर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा जाता ४,३५० पौंडांच्या आसपास पडतील, म्हणजे पाच हजार युरो तरी झाले. शहरांचा खर्च शेजारी शेजारी मांडणाऱ्या दोन वेबसाइट पाहिल्या, पण त्यांचे आकडे एकमेकींशी जुळत नाहीत. नवरा सध्या जर्मन शिकतोय. लेक दोन वर्षांची आहे, किताला (पाळणाघराला) जाते, त्याचे महिन्याला दोनेकशे युरो. इथे म्युनिकमध्ये मोझाखला ७० चौरस मीटरचं तीन झिमरचं (खोल्यांचं) घर आहे, भाडं वार्म, म्हणजे हीटिंगसकट, १,६५० युरो. सासरे रुपयांत गुणाकार करून म्हणतात, जाच.

दोन्हीकडे राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. दोन आठवड्यांत कळवायचंय.

मोझाखहून

---

अगं, आधी अभिनंदन!

आम्ही लंडनच्या हॅरो भागात सहा वर्षं राहून २०२२ मध्ये इथे आलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वेबसाइट बाजूला ठेव. त्यात दुधाची पिशवी असते, तुझी लेक नसते.

हॅरोकडे दोन बेडरूमचं घर १,८५० पौंड धर. (तिथे जाहिरातीत फक्त बेडरूम मोजतात, इथे हॉलसकट खोल्या. म्हणजे तुझं तीन झिमर तिथलं टू-बेड.) वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा कर, तो भाडेकरूनेच भरायचा, महिन्याला पावणेदोनशे. वीज, गॅस, पाणी मिळून तेवढेच. गाडी-बसचा पाच झोनचा महिन्याचा पास अडीचशेच्या वर. इथे ६३ युरोंत आपण अख्ख्या देशातल्या लोकल गाड्यांतून फिरतो. हे झाले अडीच हजार पौंड. आता नवऱ्याने काम धरलं की नर्सरी लागणार. आम्ही पूर्णवेळचे १,६०० भरत होतो. नोकरदार आईवडिलांना आठवड्याचे ३० तास सरकार देतं खरं, पण तुम्ही दोघंही 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीवर हक्क नाही) शिक्क्याच्या व्हिसावर असाल, तर ते मिळत नाहीत. मुलगी तीन वर्षांची झाली की १५ तास सगळ्यांना मिळतात. म्हणजे तुझ्या एकटीच्या पगारातून मागे अडीचशे पौंड राहतील.

आणि जाण्याआधीचा खर्च वेगळाच. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तिघांचे मिळून ८,५३८ पौंड होतात, आणि ते अर्जासोबत एकरकमी भरायचे. कंपनी हे देणार का, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे. तोंडी 'बघू' वर जाऊ नकोस.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. लंडनमध्ये आम्ही सहा वर्षांत तीनदा बिऱ्हाड हलवलं. दुसऱ्या वेळी घरमालकाला घर विकायचं होतं. दोन महिन्यांची नोटीस, कारण देण्याची गरजच नव्हती. मुलाची शाळा घरापासूनच्या अंतरावर ठरते, म्हणून त्याच पट्ट्यात घर शोधत रोज संध्याकाळी चालायचो. पोराने आपली रंगपेटी आणि गणपतीचं मखर एका खोक्यात भरून त्यावर 'पुढच्या घरी आधी उघडा' असं लिहिलं होतं. तो खोका मी अजून टाकलेला नाही.

तिथला कायदा आता बदललाय, हेही सांगायला हवं. १ मे २०२६ पासून विनाकारण घराबाहेर काढणं बंद, भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, आणि करार करताना एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. आमच्याकडून सहा महिन्यांचं घेतलं होतं, का तर आमचं क्रेडिट रेकॉर्ड नव्हतं. घरमालकाला स्वतःला राहायचं किंवा विकायचं असेल तर तो अजूनही काढू शकतो, पण पहिल्या वर्षात नाही आणि चार महिन्यांची नोटीस देऊनच.

तुझा करार बेमुदत असणार. म्युनिकमध्ये चालू कराराचं भाडं तीन वर्षांत १५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आज नवीन घर घ्यायला गेलीस तर चौरस मीटरला वीस युरोंच्या वर जातात, तेही कोरडे, हीटिंग वेगळं. म्हणजे तुझ्यासारखंच घर परत घ्यायचं तर महिन्याला नुसते १,४०० कोरडे, वर हीटिंग-पाणी, वर तीन महिन्यांचं डिपॉझिट. आणि स्वयंपाकघर! आम्हाला मिळालेल्या घरात भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ होते, बस्स. तीन आठवडे एका इंडक्शनवर खिचडी केली आणि भांडी बाथटबमध्ये घासली. तू आता जे सोडशील ते परत त्याच भावात मिळणार नाही. म्हणून मी तरी जा म्हणणार नाही.

गिझिंगहून, काकू

---

काकूंचा हिशेब बरोबर आहे, पण ताई, त्यात एक रकाना राहिला. लंडनला तुमच्या मिस्टरांना डिपेंडंट व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येईल, तीही इंग्रजीत. मी इथे दीड वर्ष जर्मनच्या बी-वन, बी-टू पातळ्यांच्या वर्गांत बसलो आणि बायकोच्या पगारावर घर चाललं. त्या दिवसांत माणूस आतून किती खचतो ते आकड्यात बसत नाही. त्यांना तिथे तीस हजार पौंड जरी मिळाले, तरी नर्सरी भागून वर उरतं. त्यांना काय वाटतं ते आधी विचारा.

दुसरं, तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) आहात का? बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो. तेवढे भरत आले असतील तर तो हातात घेऊनच निघा. मात्र मग देशाबाहेर किती महिने राहिलं की तो रद्द होतो, तेही परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घ्या.

नॉयपर्लाखहून

---

काकू, दादा, दोघांचे मनापासून आभार.

काल रात्री लेक झोपल्यावर दोघं कागद घेऊन बसलो. नवऱ्याला मी आजवर असं सरळ विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, जायचंय, पण हे घर सोडायची त्याला भीती वाटते. माझे १९ महिने भरलेत आणि बी-वनचं सर्टिफिकेट आहे. म्हणून कंपनीकडे तीन महिन्यांनी रुजू होण्याची मुदत मागितलीय, सरचार्जचंही लेखी विचारलंय.

आणखी एक: पहिले सहा महिने घर पोटभाड्याने देण्याची परवानगी घरमालकाकडे मागायचीय. त्यांच्या संमतीशिवाय अख्खं घर देता येत नाही म्हणे. पत्राचा मसुदा तयार आहे, पण माझं जर्मन अशा पत्राइतकं चांगलं नाही. शुक्रवारपर्यंत कुणी नजर टाकून देईल का?

मोझाखहून