एकाच घरात सगळ्यांना नायटा, हे अस्वच्छतेमुळेच होतं का?

घणसोलीची वहिनी:
गावठाणात एका खोलीत आम्ही पाच जण. हे वाशीच्या एपीएमसीत माथाडी, दिवसभर घामात गोणी वाहतात. आधी ह्यांच्या जांघेत नायटा उठला, मग माझ्या कमरेला परकराच्या नाडीखाली, आता धाकटीच्या पाठीवर. सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या. मेडिकलमधल्या ट्यूबने खाज लगेच थांबते, ट्यूब संपली की चट्टे आणखी पसरतात. शेजारीण म्हणते, घाण राहता म्हणून होतं. पोरांना दोन वेळा आंघोळ घालते मी. खरंच आमचं चुकतंय का?

तुर्भे एमआयडीसी:
वहिनी, घाणीचा काय संबंध? आमच्या पाळीत सगळ्यांच्या पायात दिवसभर सेफ्टी बूट. पावसाळ्यात निम्म्यांना चिखल्या होतात.

ठाण्याची सिस्टर:
मी त्वचारोग ओपीडीत काम करते. तुमच्यासारखी घरंच्या घरं येतात, त्यामुळे शेजारणीचं मनाला लावून घेऊ नका. नायटा काय, चिखल्या काय, दोन्ही बुरशीचेच. बुरशीला घाम, ऊब आणि ओल हवी. जड काम, एकाला एक लागून झोपणं, एकच टॉवेल, जुलैत न वाळलेले कपडे अंगावर चढवणं, यातून ती घरभर फिरते. ज्याच्याकडे गच्ची नाही त्याने कपडे वाळवायचे कुठे?

खरा घोळ त्या ट्यूबचा आहे. अशा बऱ्याच मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असतं. खाज दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी मोकाट पसरते. त्यात आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे (हे नाव २०२० मध्ये मिळालं), तिच्यावर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्या अनेकदा चालत नाहीत. म्हणून मेडिकलवाल्याच्या सल्ल्यावर राहू नका. ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सगळ्यांचे उपचार एकदम सुरू व्हायला हवेत. एक जरी राहिला तरी पुन्हा सुरू.

सासूबाईंना आधी न्या. शुगर वाढली की बुरशीला आयतं रान मिळतं. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) बहुतेक रुग्ण मधुमेहीच होते. ती बुरशी वेगळी, पण धडा तोच. शिवाय चिखल्यांच्या भेगांतून जंतू शिरून पाय सुजतो.

घणसोलीची वहिनी:
सिस्टर, खूप बरं वाटलं. पण ओपीडी सकाळची, आणि ह्यांचा खाडा झाला की मजुरी बुडते.

ठाण्याची सिस्टर:
मग उद्या तुम्ही सासूबाईंना आणि धाकटीला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात जा. तुम्हाला आणि तुमच्या नवऱ्यालाही नायटा आहे हे डॉक्टरांना सांगाच. ट्यूबचं खोकं फेकू नका, सोबत न्या.