आजारी पोरं, ७५ टक्के आणि 'टर्म गेली तर गेली'

कडूकिराईत
काल 'चॉक-डस्टर' यांनी इथे लिहिलं: "सेमिस्टर संपताना मेडिकल सर्टिफिकेटांचा गठ्ठा येतो, त्यातले निम्मे खोटे. आजारी असाल तर घरी बसा. टर्म गेली तर गेली, पुढच्या वर्षी या." त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग लागली, म्हणून एवढं लांब लिहितेय.

सर, हजेरीत सूट आणि रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्यात.

आठवड्याला चार लेक्चर आणि पंधरा आठवडे धरा. एका विषयाची ६० लेक्चर झाली. परीक्षेला बसायला लागणारी ७५ टक्के हजेरी म्हणजे ४५, बुडवायला उरली १५. कावीळ झालेली मुलगी पाच आठवडे अंथरुणात राहिली तर २० बुडाली. उरली ४०, म्हणजे ६६.६७ टक्के. आयुष्यात एकही बंक न मारता ती डिफॉल्टर लिस्टवर. तिला सूट हवी आणि ती पाच आठवड्यांनी वर्गात परत येते.

मणक्याचा टीबी झालेल्या मुलाला सूट देऊन काय उपयोग? त्याला चार-सहा महिने हवेत. प्रवेश शाबूत, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक (पीआरएन) तोच, परत यायची तारीख ठरलेली. आयआयटीत यासाठी सेमिस्टर सोडायची रीतसर सोय आहे. आपल्या संलग्न कॉलेजांच्या फॉर्मवर असा रकानाच नाही. एक तर टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी, नाही तर डिटेन, म्हणजे परीक्षा बंद. मग तोही कावीळवालीच्या मागे त्याच खिडकीवर सर्टिफिकेट घेऊन उभा राहतो, आणि तुम्हाला गठ्ठा दिसतो.

चॉक-डस्टर
गणित छान आहे. आता प्रॅक्टिकलचं मांडा. टर्ममध्ये दहा प्रयोग. पाच आठवडे गेले म्हणजे तीन-चार प्रयोग गेले. टर्मवर्कच्या मार्कांवर सही माझी. पोराने लॅबमधल्या सीआरओ यंत्राला हात लावला नाही आणि जर्नल मित्राचं उतरवलं, हे मला कळत असताना सही करू? जादा बॅच घ्या म्हणणं सोपं आहे. लॅब असिस्टंट एक, बॅचा चार, आणि शेवटच्या आठवड्यात तिथेच ओरल चालू. सूट कागदावर मिळते, प्रयोग कागदावर होत नाही.

आवक_जावक
दोघांचंही अर्धं बरोबर. कॉलेज ऑफिसच्या खिडकीच्या आतल्या बाजूचं सांगतो, कारण तिथे पोरं हमखास चुकतात.

पहिली चूक म्हणजे सर्टिफिकेट बरं झाल्यावर आणणं. आजारी पडल्याच्या आठवड्यातच अर्ज आत आला पाहिजे. पालकांनी आणला तरी चालतो. दोन प्रती आणा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. 'सरांना व्हॉट्सॲप केलं होतं' याची फाईल होत नाही. सर बदलतात, मोबाइलही बदलतात. परत येताना फिटनेस सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स द्या. मुंबई विद्यापीठाच्या ६०८६ क्रमांकाच्या ऑर्डिनन्समध्ये (नियमात) सरासरी ७५ टक्के आहे, पण प्रत्येक विषयात किमान ५० सुद्धा आहे. सरासरी सांभाळून एका विषयात ४८ वर अडकलेली पोरं दर टर्मला निघतात.

दुसरी चूक महागातली. लांबचं आजारपण निघालं की घाबरलेले पालक एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) मागतात. देऊ नका म्हटलं तरी ऐकत नाहीत. एलसी हातात पडली की प्रवेश रद्द आणि कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेली सीटही गेली. अर्जात 'प्रवेश कायम ठेवून ही टर्म वैद्यकीय कारणाने घेत नाही, अमुक टर्मला पुन्हा रुजू होईन' एवढंच लिहा. आणि पुन्हा रुजू होताना फी किती भरायची ते तेव्हाच लेखी विचारून ठेवा. कुठे पूर्ण मागतात, कुठे थोडी. नंतर विचारलं की पूर्णच.

चॉक-डस्टर
हे ठीक. पण निम्मी खोटी असतात त्याचं काय? एकाच दवाखान्याची अकरा सर्टिफिकेटं, सगळ्यांना 'व्हायरल फिव्हर', सगळ्यांची तारीख टर्म ग्रँटच्या आदल्या आठवड्यातली. डॉक्टर लोकांनीच हा बाजार मांडलाय.

साधा_जीपी
वाटच बघत होतो, कधी एकदा डॉक्टरवर येतंय.

डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत सर्टिफिकेटचा नमुना छापलेला आहे. वर रुग्णाची सही किंवा अंगठा, ओळखीची खूण, आजार, किती दिवस आणि कुठल्या तारखेपासून, खाली डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये आणि प्रत दवाखान्यात ठेवायची. खोटं दिलं तर रजिस्टरवरून नाव उडू शकतं. तुमच्या अकरांपैकी किती कागदांवर रुग्णाची सही होती? ओळखीची खूण? नसेल तर तिथेच परत करा. तेही जमत नसेल तर दवाखान्यात फोन करून रजिस्टरमधला क्रमांक विचारा. एकाही कॉलेजचा असा फोन आल्याचं ऐकलं नाही. कागद घ्यायचा, गठ्ठ्यात टाकायचा आणि वर्षभर कुरकुरायचं.

मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागायला येतात तेव्हा पोरं एकटी नसतात, सोबत वडील असतात. "डॉक्टर, वर्षाचा प्रश्न आहे."

चॉक-डस्टर
म्हणजे देता ना?

साधा_जीपी
'आज तपासले, रुग्णाच्या सांगण्यानुसार अमुक तारखेपासून ताप' असं लिहून आजची तारीख घालतो. ते खोटं नाही. पण तुमच्या ऑफिसला ते चालत नाही. त्यांना 'अमुकपासून अमुकपर्यंत माझ्या उपचाराखाली होता' हेच वाक्य हवं. खोटं लिहायला भाग कोण पाडतंय?

चंद्रपुरी
आणि एमबीबीएसचंच चालतं, नाही तर सिव्हिल सर्जनचं आणा म्हणतात त्याचं काय? आमच्याकडे तालुक्यात ताप उतरवतो तो बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टरच. नोंदणी असलेला माणूस आहे. त्याच्या हातची सलाईन चालते, सही चालत नाही. कावीळ झालेल्या पोराने एसटीत बसून जिल्ह्याला जायचं का, शिक्क्यासाठी?

साधा_जीपी
नोंदणीकृत असेल तर सर्टिफिकेट वैध आहे, यात वाद नाही. पण सलाईन आणि इंजेक्शनं देणारे सगळेच…

चंद्रपुरी
झालं, आली गाडी क्रॉसपॅथीवर, आयुर्वेदवाल्यांनी ॲलोपॅथीची औषधं देण्यावर. साहेब, तुमची मंडळी गावात यायला तयार असती तर आम्ही बीएएमएसच्या दारात गेलो नसतो. विषय हजेरीचा आहे.

साधा_जीपी
विषय तुम्ही काढलात. आणि सरकारी सेवेच्या बॉण्डच्या वर्षात गावात औषधं नसतात, क्वार्टर गळतं, यावर कोणी बोलायचं नाही वाटतं.

आवक_जावक
दोघेही जरा थांबा. सर्टिफिकेट कुणाचं का असेना, सोबत लॅबचा रिपोर्ट जोडा. काविळीला बिलिरुबिन आणि एसजीपीटी, डेंग्यूला एनएस१ आणि प्लेटलेट. रिपोर्टवर तारीख, वेळ आणि नाव मशीनने छापलेलं असतं. हजेरीची सूट ठरवणाऱ्या समितीत रिपोर्ट जोडलेली फाईल दोन मिनिटांत सुटते. नुसत्या लेटरहेडवर वीस मिनिटं चर्चा.

डॅलसकर
हे सगळं वाचून वाटतं, इथे अमेरिकेत बरं आहे. मेडिकल लीव्हचा फॉर्म भरला की सुटला.

कडूकिराईत
तिथल्या नागरिकासाठी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या पोरांना असं सांगू नका, व्हिसा जाईल. तिथे राहून कमी विषय घ्यायचे तर डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र आणि डीएसओची, म्हणजे कॉलेजातल्या व्हिसा अधिकाऱ्याची, मंजुरी विषय सोडायच्या आधी हवी. एका पदवीच्या पातळीवर अशी सवलत एकूण बारा महिने. रजा घेऊन घरी यायचं तर मंजुरीनंतर पंधरा दिवसांत देश सोडायचा. पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर व्हिसासाठीचा कॉलेजचा कागद, आय-२०, नवा लागतो. परतल्यावर सीपीटी-ओपीटी या काम करायच्या परवानग्यांसाठी एक शैक्षणिक वर्ष पुन्हा मोजायला लागतात. आधी विषय सोडला आणि मग ऑफिसात गेला, तो अडकला.

डॅलसकर
बरं बाई, चुकलो. पाच महिन्यांचं माहीत नव्हतं.

काळा_कोट
वकिलीच्या पोरांसाठी एक भर. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे, कारण पटलं तर डीनला ६५ पर्यंत खाली येता येतं. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शाखेत नुसत्या हजेरीवरून परीक्षेला बसू न देण्याला मनाई केली.

चॉक-डस्टर
विधी शाखेत! एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० आहे. तिथेही काढून टाकायचं का? पोट न तपासलेला डॉक्टर तुमच्याकडे पाठवू?

काळा_कोट
मी शाखा लिहिली होती. वाचत जा.

ऋण_काढून_सण
'टर्म गेली तर गेली' म्हणणाऱ्यांनी कर्ज काढलेलं दिसत नाही. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत हप्ता कोर्स संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. कोर्स लांबला तर मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते, हाताबाहेरचं कारण असेल तर बँक आणखी विचार करू शकते. पण बँकेला आपण कळवावं लागतं. कॉलेजचं पत्र नेलं नाही तर बँकेच्या कागदावर पोरगं वेळेत पास झालेलं असतं आणि हप्ता चालू होतो. ते पत्र देणार कोण? कॉलेजच्या लेखी रजा नावाची वस्तूच नाही. डिटेन झाल्याचं पत्र नेलं तर मॅनेजर म्हणतो, हा नापास झालाय.

कडूकिराईत
नेमकं हेच. शिवाय यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ठरवलेली पदवी पूर्ण करायची मुदत नेमलेली वर्षं अधिक दोन आहे, अपवाद म्हणून आणखी एक. रजेचं वर्ष त्यातून वगळलंय असं लेखी नसेल तर तेही मोजलं जातं. त्यात अभ्यासक्रम बदलला तर आणखी मजा. पुणे विद्यापीठात २०१९ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) आजारी पडलेला मुलगा बरा होऊन येईपर्यंत खालचा वर्ग २०२४ च्या पॅटर्नमध्ये. आपल्या कुठल्या विषयाला त्यांचा कुठला विषय समकक्ष, हे तो खिडकी-खिडकी विचारत फिरतो.

निळी_छत्री
कुणीच बोलत नाही म्हणून. सगळी उदाहरणं काविळीची. डिप्रेशनचं पत्र मानसोपचारतज्ज्ञाच्या लेटरहेडवर आलं की संध्याकाळपर्यंत स्टाफरूमला माहीत. म्हणून पोरं फॅमिली डॉक्टरकडून 'व्हायरल फिव्हर' लिहून आणतात. सरांच्या अकरा तापांत असे किती असतील? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा शरीराचा आणि मनाचा आजार समान मानायला सांगतो.

काळा_कोट
उपचारांच्या बाबतीत सांगतो. कॉलेजच्या हजेरीबद्दल त्यात अवाक्षर नाही. बाकी मुद्दा पटला.

आवक_जावक
बंद पाकिटात प्राचार्यांच्या नावे द्या, वर 'गोपनीय'. आम्ही आवक क्रमांक पाकिटावर टाकतो, उघडत नाही. समितीपुढे फक्त 'वैद्यकीय, प्राचार्यांनी पाहिले' असं जातं. हे चालतं, पण कुणी विचारतच नाही.

चॉक-डस्टर
बरं. रजेचा वेगळा फॉर्म असावा, मान्य. झालं समाधान? पण त्यात प्रयोगांचा रकाना हवा. किती झाले, किती राहिले, आणि पुढच्या टर्मला कुठल्या बॅचमध्ये बसवणार, हे एचओडीच्या सहीने. नाही तर तो फॉर्मही माझ्याच टेबलावर गठ्ठा होऊन येणार. आणि ६६.६७ वालीला मी शनिवारी बोलावीन, असिस्टंट तुम्ही पाठवा.

कडूकिराईत
असिस्टंट मी कुठून पाठवू? तुमची जागा किती वर्षं रिकामी आहे ते संचालकांना विचारा.

चंद्रपुरी
शनिवारी एसटीला गर्दी असते, सोमवारी ठेवा. आणि बीएएमएसचं चालणार की नाही, ते अजून कुणी सांगितलं नाही.