मदत हवी आहे: संवेगाच्या (वस्तुमान × वेग) गणितात ४० ग्रॅम जास्त का येतात?

अकरावीतल्या लेकीने कोथरूडच्या घरी हॉलच्या फरशीवर प्रयोग मांडलाय. २०० ग्रॅमची खेळण्यातली गाडी ०.६० मीटर प्रतिसेकंद वेगाने उभ्या गाडीवर आदळते, वेल्क्रोमुळे दोन्ही चिकटून ०.२४ ने पुढे जातात. संवेग अक्षय्यतेने (धडकेआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच; म हे उभ्या गाडीचं वस्तुमान) ०.२ × ०.६० = (०.२ + म) × ०.२४, म्हणजे म = ३०० ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर मात्र ती २६० भरली! (काटा खोटा नाही, साखरेच्या पुड्याने तपासला.)

२६० धरले तर नंतरचा वेग ०.२६ हवा, म्हणजे सगळा घोळ सेकंदाला दोन सेंटिमीटरचा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये आम्ही धडकेनंतरचा वेग चक्क अख्ख्या फरशीवर मोजला. तेवढ्यात घर्षणाने वेग खाल्ला असेल का? धडकेच्या पुढच्या किती फ्रेम धराव्यात? घर्षण भरून काढायला उतार कसा द्यावा? सोमवारी वही द्यायचीय.