रात्री खुराड्यात कोण शिरतंय? कोंबड्या वाचवायला मदत हवी आहे

नमस्कार, संगमेश्वर तालुक्यातल्या गावच्या घरी आई एकटीच असते, तिच्या १४ गावठी कोंबड्या होत्या, गेल्या दहा दिवसांत त्यातल्या ६ गेल्या. मी मुंबईहून आलेय म्हणून लिहितेय. आईची झोपच उडालीय, जरा खुट्ट झालं की बॅटरी घेऊन मागच्या दारी जाते, सत्तरीची बाई, मला तिचीच जास्त काळजी वाटते.

खुराडं तीन बाजूंनी चिऱ्याचं आहे, वर जुनी कौलं, समोर लाकडी चौकटीला षटकोनी भोकांची पातळ जाळी. पहिल्या रात्री दोन मेल्या, दोघींचं मुंडकं नाही, बाकी अंग जसंच्या तसं, आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूने रक्त आणि मानेची बारीक पिसं चिकटलेली, कडी मात्र लावलेलीच. चार दिवसांनी परत, तिघींच्या मानेला चावे आणि एक गायबच. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी फट आहे तिथे पिसं अडकलेली होती. खाली कुठेही उकरलेलं नाही.

शेजारचे काका म्हणतात मुंगूस, कोणी म्हणतं बाऊल (रानमांजर), आणि एकाने तर भातात विष कालवून ठेव म्हणून सांगितलं, आईने तिथल्या तिथे नाही म्हटलं. नक्की कोण असेल आणि कमी खर्चात काय करता येईल? शिवाय तांबडी कोंबडी ११ अंड्यांवर खुडूक बसलीय, ती त्याच खुराड्यात आहे. प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, मुंगूस नसणार. मुंगूस दिवसा फिरतं, रात्री बिळात असतं. उकरलेलं नाही, वरून शिरलंय म्हणजे मला तरी उदमांजर वाटतंय, आमच्याकडे लांज्याला अगदी असंच झालं होतं. कौलांवर किंवा चिऱ्यांवर विष्ठा पडलीय का बघा, त्यात भेरली माडाच्या नाहीतर कसल्या फळाच्या बिया दिसल्या तर तेच. कोंबड्या जाळीला टेकून झोपतात, मग ते बाहेरूनच मान धरून ओढतं, म्हणून मुंडकं गेलं.

ती षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला थांबवत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची जाळी) आणा, आधी वरची फट बंद करा, मग समोरची बाजू, आणि आत जाळीपासून वीतभर अंतर सोडून फळी ठोका म्हणजे कोंबड्या जाळीला टेकणार नाहीत. कौलांवर झाडाची फांदी येत असेल तर ती तोडा. आणि विष, फासा काही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिवाय वाडीतली कुत्री मरतील ते वेगळंच. जनावर आत अडकलेलं सापडलं तर स्वतः हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

प्रतिसाद २
खुडूक कोंबडीला आजच हलवा, पण अंधार पडल्यावर, अंडी आणि पेंढा सगळ्यासकट. पडवीत कोपऱ्यात ठेवून वर डालगं घाला, डालग्यावर पाटा ठेवा. दिवसा हलवलंत तर बऱ्याचदा उठून जुन्या जागी पळते. किती दिवस झाले बसून?

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. आत्ता शिडी लावून बघितलं, कौलांवर खरंच विष्ठा आहे आणि बियाच बिया, फणसाची एक फांदी पण अगदी टेकलीय. काका फांदी तोडतायत, मी देवरुखला जाऊन जाळी आणते. तांबडी बसून नऊ दिवस झाले. अंधारात हलवताना आईने एकेक अंडं बॅटरीवर धरून बघायचं ठरवलंय, शिरा दिसल्या तर ठेवायची. काल रात्री ती घाबरून बराच वेळ उठली होती, तेवढ्यात अंडी गार पडून वाया गेली असतील का?

प्रतिसाद २
थोडा वेळ उठली तर काही होत नाही, दाण्यापाण्याला पण उठतेच की. लाल शिरा दिसतायत ती सगळी ठेवा, अजून बारा दिवस आहेत.