मदत हवी आहे: ट्युबिंगेनमधली 'केरवोखे' आणि खालच्या मजल्यावरच्या आजी

नमस्कार मंडळी. लेकीकडे जर्मनीत ट्युबिंगेनला आले आहे. नेकार नदीकाठचं छोटं गाव, विद्यापीठ मात्र १४७७ सालचं.

काल आमच्या दारावर 'केरवोखे'ची पाटी लटकलेली दिसली. म्हणजे या आठवड्यात सामाईक जिना झाडायची पाळी आमची. श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातला हा जुना रिवाज. लेक-जावई कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे झाडू माझ्या हाती. माझी ना नाही, पण नुसतं झाडायचं की पुसायचंही? तळघराचा जिना आणि पुढचा फुटपाथ त्यात येतो का? शनिवारी राहिलंच तर रविवारी चालेल? इथे रविवारी दुकानं बंद, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायलाही मनाई. (पुण्यातल्या एक ते चारवाल्यांनी हात टेकावेत!)

दुसरं, खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की 'ग्र्युस गॉट' (इथला नमस्कार) म्हणतात, त्यापुढे गाडी सरकत नाही. दिवाळीचा फराळ त्यांना द्यावा म्हणते. सरळ बेल वाजवावी की आधी चिठ्ठी टाकावी? चकली कमी तिखट करीनच. श्टुटगार्टच्या बाजूला राहिलेल्या कुणी तरी सांगा; पाटी रविवारपर्यंत आमच्याच दारावर आहे.